हरलेल्या हंगामाचा पत्ता

नागपूर मागे टाकून वर्धा रस्त्याला लागलं की जामठ्याचं स्टेडियम दिसतं. सामना नसला की पंचेचाळीस हजार खुर्च्यांचं हे बांधकाम एप्रिलच्या उन्हात उगाचच मोठं वाटतं. शेजारून ट्रक जात असतात, रसवंतीवरची घुंगरं वाजत असतात आणि त्या भिंतींच्या आत काही घडतं यावर विश्वास बसत नाही. २००८ साली इथं पहिली कसोटी झाली. त्याआधी नागपूरचं क्रिकेट सिव्हिल लाइन्सच्या जुन्या मैदानावर, म्हणजे गावातच, सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर होतं. मला जायचं होतं याच रस्त्यानं पुढं: वर्धा, देवळी, कळंब, यवतमाळ आणि तिथून पश्चिमेला वळून दारव्हा. क्रिकेटसाठी दारव्ह्याला कोणी जात नाही, हे कबूल. पण आपला संघ हरत सुटला की त्याच्या चाहत्यांना नेमकं काय होतं, हा प्रश्न स्टेडियमच्या सावलीत उभं राहून सुटेल असं मला वाटत नाही. तिथं बोलणारा प्रत्येकजण तिकीट काढून आलेला असतो आणि तिकिटाचे पैसे वाया गेल्याची चिडचिड त्याच्या बोलण्यात मिसळलेली असते. जिथं ना खेळाडू फिरकतो ना मालक, अशा गावात या वैतागाची मुळं जास्त स्वच्छ दिसतील असा माझा अंदाज होता. शिवाय एका शब्दानं मला तिकडं ओढलं. आयपीएलच्या पर्वाला मराठी वर्तमानपत्रं 'हंगाम' म्हणतात. दारव्ह्यात हंगाम म्हणजे कापूस, तूर, सोयाबीन. वाया गेलेला हंगाम कसा असतो, हे या तालुक्याला क्रीडापानावरून शिकावं लागत नाही.

निघण्यापूर्वीच एक गोष्ट खटकत होती. विदर्भाचा संघ रणजी करंडकात पहिल्यांदा उतरला १९५७-५८ मध्ये. पहिलं विजेतेपद मिळालं १ जानेवारी २०१८ ला. मधल्या साठ वर्षांत मुंबईनं करंडक इतक्यांदा नेला की तो दुसऱ्या कोणाकडे गेला तर बातमी व्हायची. विदर्भ मात्र बराच काळ खालच्या गटात घुटमळत राहिला. एवढ्या वर्षांत विदर्भात कुणी कर्णधाराचा पुतळा जाळला, निवड समितीच्या दारात मोर्चा नेला, असं ऐकिवात नाही. ही शांतता समंजसपणाची होती असं कुणी म्हणेल. मला ती तशी वाटत नाही. अपेक्षाच नसेल तर अपेक्षाभंग कशाचा? सी. के. नायडू १८९५ साली नागपुरात जन्मले, भारताचे पहिले कसोटी कर्णधार झाले, पण त्यांचं नाव जोडलं गेलं इंदूरच्या होळकर संघाशी, आणि त्या संघानं चार वेळा रणजी जिंकली. इथला चांगला खेळाडू परगावी गेला तरच नावारूपाला येणार, हे जणू ठरूनच गेलं होतं. हरणं हा हवामानाचा भाग असावा तसं ते स्वीकारलं गेलं. मग फैज फझलच्या संघानं दिल्लीला नऊ गडी राखून हरवलं. रजनीश गुरबानीनं अंतिम सामन्यात हॅटट्रिक घेतली, अक्षय वाडकरनं शतक काढलं, आणि हे सगळं घडलं इंदूरच्या होळकर मैदानावर. नायडूंचा हिशेब तिथंच चुकता झाला म्हणायचा. पुढच्या वर्षी करंडक राखला गेला. आणि मार्च २०२४ मध्ये वानखेडेवर मुंबईनं अंतिम सामन्यात १६९ धावांनी हरवलं तेव्हा नागपुरात पहिल्यांदा हळहळ नव्हे, चिडचिड झाली. साठ वर्षांच्या हरण्यानं जे झालं नव्हतं ते दोन विजेतेपदांनंतरच्या एका पराभवानं झालं. चाहत्याचा वैताग पराभवांच्या बेरजेतून येत नाही, ही पहिली खूण मला इथं सापडते. (त्या पहिल्या विजयाच्या वेळी प्रशिक्षक चंद्रकांत पंडित आणि फलंदाज वसीम जाफर, दोघंही मुंबईचे. शतकानंतरही 'बाद कसा झालास?' असं विचारणाऱ्या खडूस परंपरेतले. जिंकण्यासोबत वैतागाची सवयही त्यांच्याच सामानातून आली असावी.)

नागपुरातले सकाळचे तर्री पोहे ज्यानं खाल्ले आहेत त्याला इथल्या माणसाचा राग कसा असतो याची कल्पना येते. पोह्यांवर हरभऱ्याची झणझणीत तर्री ओतून घ्यायची, नाकातोंडातून पाणी येईपर्यंत खायचं आणि वर आणखी तर्री मागायची. पुण्यात आम्ही पोह्यांवर खोबरं भुरभुरवतो आणि रागही तसाच पेरतो, बेताबेतानं. पुणेकर चाहत्याला संघ हरल्याचं दुःख होत नाही असं नाही. पण त्याहून मोठा आनंद त्याला आपलं भाकीत खरं ठरल्याचा होतो. या शहराला हरणारा संघ नीट भोगायलाही मिळाला नाही. पुणे वॉरियर्स आयपीएलमध्ये २०११ ते २०१३ असे तीनच हंगाम खेळला, तिन्ही वेळा तळाशी किंवा तळाच्या जवळ राहिला आणि मग २०१३ च्या ऑक्टोबरात संघच रद्द झाला. वैतागायला पुढचा हंगाम तरी असावा लागतो. तोही गेल्यावर मागे उरल्या त्या गहुंज्याच्या मैदानावरच्या रिकाम्या खुर्च्या आणि जुन्या जर्सी. त्या आता घरोघरी फरशी पुसायला निघाल्या असतील. पुण्याची ती अवस्था आणि विदर्भाची साठ वर्षं शेजारी शेजारी ठेवली की एक दिसतं: संघ आपला वाटायला त्याची काही वर्षांची हजेरी लागते आणि राग यायला त्याच्याकडे काही मागण्याची हिंमत लागते. पुण्याला पहिलं मिळालं नाही, विदर्भाला दुसरं.

वर्धा आलं की सेवाग्रामची पाटी लागते आणि या सगळ्या विचारावर घेतला जाणारा सर्वांत जुना आक्षेप समोर उभा राहतो. १९४० च्या डिसेंबरात मुंबईच्या हिंदू जिमखान्याची मंडळी पंचरंगी सामन्यांविषयी सल्ला घ्यायला गांधीजींकडे वर्ध्याला आली होती. हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'इतर' अशा धर्मवार संघांचे ते सामने. गांधीजींनी त्यांना पाठिंबा दिला नाही. धर्मावर उभारलेले संघ त्यांना मान्य नव्हतेच. पण आणखीही एक मुद्दा होता: जग युद्धात होरपळत असताना असली करमणूक शोभते का? हा दुसरा मुद्दा आजही जिवंत आहे आणि दारव्ह्याच्या रस्त्यावर तर तो जास्तच टोचतो. ज्या जिल्ह्याचं नाव शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे देशभर पोचलं, त्या जिल्ह्यात जाऊन क्रिकेटच्या पराभवाबद्दल लिहायचं म्हणजे जखमेशेजारी बसून खरचटल्याची तक्रार करण्यासारखं आहे, असं कुणी म्हटलं तर त्याला वेड्यात काढता येणार नाही. मी या आक्षेपाला एवढंच उत्तर देईन की दोन गोष्टी शेजारी ठेवल्या म्हणजे त्या एका मापाच्या ठरवल्या असं होत नाही. शेजारी ठेवल्यावर त्यांच्यातला फरकच नीट दिसतो, आणि मला तो फरकच हवा आहे.

देवळी सोडल्यावर वर्धा नदी लागते. पूर्वी हीच मध्य प्रांत आणि वऱ्हाड यांच्यातली शीव होती. एप्रिलमध्ये पात्रात पाण्यापेक्षा वाळू आणि खडकच जास्त. पलीकडे कळंब, आणि तिथं रस्त्यापासून थोडं आत, जमिनीच्या पातळीखाली पायऱ्या उतरून जावं लागतं असं चिंतामणीचं देऊळ. इथून शेतं उघडी पडतात. काळी, तडकलेली, वेचणी आटोपलेली. बांधावर उपटलेल्या पऱ्हाट्यांचे ढीग. या पऱ्हाट्या वर्षभर चुलीला पुरतात, म्हणजे हंगाम बुडाला तरी सरपण तेवढं हाती लागतं. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. त्याच हंगामात गुलाबी बोंडअळीनं पीक आतून पोखरलं. बाहेरून बोंड हिरवंगार, फोडलं की आत किडकी सरकी. दोष कुणाचा? बियाण्याचा म्हणावं तर कंपनी वाणाच्या निगराणीकडे बोट दाखवते, औषधाचा म्हणावं तर फवारणाऱ्यानं तोंड का झाकलं नाही असं विचारलं जातं, तोंड झाकायचं तर उकाड्यात ते झाकणार कसं याचं उत्तर कुणाकडे नसतं, आणि भाव पडला तर तो कुठल्या देशातल्या कुठल्या बाजारात पडला हे बाजार समितीच्या आवारात कुणालाच सांगता येत नाही. चौकशी समित्या नेमल्या गेल्या. वैताग होता, पण तो कुणापुढं मांडायचा हेच ठरेना. आणि नेमक्या याच हिवाळ्यात, डिसेंबरअखेर, विदर्भ इंदूरला रणजीचा अंतिम सामना खेळत होता.

माझं म्हणणं इथं येऊन उभं राहतं. पराभवाला पत्ता असला की त्याचा वैताग होतो. पत्ता नसला की त्याला नशीब म्हणतात. मैदानावरच्या पराभवाइतका स्वच्छ पत्ता दुसऱ्या कुठल्याच नुकसानीला नसतो. झेल कोणी सोडला हे सगळ्यांनी पाहिलेलं असतं. शेवटचं षटक कोणाला दिलं, कोणी दिलं, त्यात किती धावा गेल्या, हे धावफलकावर लिहिलेलं असतं आणि कुणाला ते बदलता येत नाही. म्हणून चाहता जेव्हा चिडतो तेव्हा तो नुसता हळवा झालेला नसतो, हिशेब मागत असतो. शेतात, कचेरीत, दवाखान्यात त्याला हिशेब मिळत नाही. इथं निदान तो मागता येतो. ही चैन आहे, हे मान्य. पण हिशेब मागायची सवय ज्याला लागते तो ती फक्त क्रिकेटपुरती ठेवेल असं कशावरून?

यवतमाळला चढ लागतो, हवा किंचित हलकी होते, आणि भाषा बदलल्याचं कानाला कळतं. मला वऱ्हाडी बोलीतली दोन वळणं या विषयात फार उपयोगी वाटतात. एक, 'काहून'. पुणेकर पराभवानंतर 'हरलेच!' म्हणतो, त्यातल्या 'च'मध्ये सगळं शहाणपण असतं आणि पुढं बोलायला काही उरत नाही. इथला माणूस विचारतो, 'काहून हारले बे?' म्हणजे कारण सांग. दुसरं वळण क्रियापदाचं. प्रमाण मराठीत संघ 'हरला' की गोष्ट संपली. इकडं तो 'हारून राहिला' असतो. एकेक सामना संपतो, पण हरणं चालूच आहे, आणि जे चालू आहे ते थांबवताही येईल अशी आशा त्या 'राहिला'त शिल्लक असते. भाषेवरून माणसांचे स्वभाव काढू नयेत हे मला ठाऊक आहे. तरी हरणाऱ्या हंगामासाठी याहून नेमकं क्रियापद मला कुठं आढळलेलं नाही. रागाची रीतही वेगळी. पश्चिम महाराष्ट्रात टोमणा दुसऱ्याला मारतात, वऱ्हाडात माणूस आधी स्वतःवर हसून घेतो. सलग सहा सामने हरलेल्या संघाची जर्सी घालून चौकात येणं हाच इथं अर्धा विनोद असतो, उरलेला अर्धा चौक पुरवतो. पाहुणचारातही तोच मोकळेपणा. आमच्याकडे 'चहा घेणार का?' असं विचारतात आणि प्रश्नचिन्ह खरं असतं. इकडं चहा येतोच, आणि जेवायची वेळ असेल तर पिठलं, भाकर, मिरचीचा ठेचा आणि फोडलेला कांदाही येतो. एप्रिलात गच्च्यांवर कुरड्या-सांडगे वाळत घातलेले असतात आणि त्यांच्यावर नजर ठेवायला घरातली लहान पोरं बसवलेली असतात. नजर कावळ्यांवर थोडी आणि मोबाइलवर जास्त.

यवतमाळ ते दारव्हा हा रस्ता सागाच्या निष्पर्ण रानातून उतरत पुन्हा काळ्या सपाटीवर येतो. दारव्हा तालुक्याचं गाव. जिनिंग, कृषी केंद्रांची ओळ, एसटीचं आवार, आणि दुपारी बारा ते पाच असा सन्नाटा की गाव कुणी उचलून नेलं असावं. ऊन उतरलं की दुकानांपुढं पाणी शिंपडलं जातं, खुर्च्या बाहेर येतात, कूलरच्या घरघरीवर मात करत सामना लागतो. २०२३ मध्ये आयपीएल मोबाइलवर फुकट दिसू लागलं, मराठी समालोचनासह, आणि टीव्हीपुढची सामुदायिक बैठक फुटून प्रत्येकाच्या तळहातावर गेली. तरी पानटपरीवर ती पुन्हा जमते, कारण एकट्यानं वैतागण्यात गंमत नाही. इथं जर्सी दिसते ती निळी किंवा पिवळी. मुंबई इंडियन्स आणि चेन्नई सुपर किंग्ज. विदर्भाची जर्सी दिसत नाही. मार्च २०२४ हा महिना या दृष्टीनं फार बोलका आहे. १४ तारखेला विदर्भ वानखेडेवर रणजीचा अंतिम सामना हरला. दहाच दिवसांनी मुंबई इंडियन्सचा हंगाम सुरू झाला, पहिले तीन सामने त्यांनी गमावले, शेवटी १४ पैकी फक्त ४ जिंकून ते तळाला गेले, आणि महाराष्ट्रातल्या गावागावांत चर्चा झाली ती याच पराभवांची. रोहित शर्माला बाजूला करून हार्दिक पांड्याला कर्णधार का केलं, हा प्रश्न दारव्ह्याच्या टपरीवर मुंबईइतकाच तावानं विचारला जातो. जो संघ या मातीचं नाव लावतो त्याचा पराभव दारव्ह्यापर्यंत पोचला नाही, आणि शेकडो किलोमीटरवरच्या शहराच्या, खरं तर एका उद्योगसमूहाच्या, संघाचा पोचला. दारव्ह्याला मुंबईचा पत्ता ठाऊक आहे, विदर्भाचा नाही.

इथं दोन आक्षेप एकदम येतात. पहिला असा की हिशेब मागणं वगैरे सगळं ठीक, पण प्रत्यक्षात गर्दी हिशेब मागत नाही, बळी मागते. आक्षेप बिनतोड आहे. १३ मार्च १९९६ ला ईडन गार्डन्सवर विश्वचषकाचा उपांत्य सामना भारत हरायला लागला तेव्हा प्रेक्षकांनी बाटल्या फेकल्या, स्टँडमध्ये आगी लावल्या, आणि सामना श्रीलंकेला बहाल करावा लागला. २००७ च्या विश्वचषकात भारत पहिल्याच सामन्यात बांगलादेशाकडून हरला तेव्हा रांचीत धोनीच्या बांधकाम चालू असलेल्या घरावर जमाव चालून गेला. २०२४ मध्ये वानखेडेवर हार्दिकची नाणेफेकीपासूनच हुर्यो उडवली गेली, इतकी की सूत्रसंचालन करणाऱ्या संजय मांजरेकरांना प्रेक्षकांना सभ्यपणे वागा म्हणावं लागलं. कर्णधार बदलण्याचा निर्णय संघ चालवणाऱ्यांचा. हुर्यो ज्याची नेमणूक झाली त्याची. म्हणजे पत्र चुकीच्या पत्त्यावर पडलं. पण पत्र चुकीच्या दारात पडलं म्हणून टपाल बंद करत नाहीत, पत्ता दुरुस्त करतात. आणि चाहते तो दुरुस्तही करतात. २९ जून २०२४ ला टी-ट्वेन्टी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातलं शेवटचं षटक हार्दिकनं टाकलं, भारत जिंकला, आणि ४ जुलैच्या सत्कारात त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. यात चंचलपणा आहे, नाही असं नाही. पण चंचलपणा हा सूड धरून बसण्यापेक्षा बरा.

पत्ता बरोबर लागला तर काय होतं याचं उदाहरण मला क्रिकेटमध्ये नव्हे, अमेरिकेच्या बेसबॉलमध्ये मिळतं. तिथं एका हंगामात संघाला १६२ सामने खेळावे लागतात, मार्चअखेर ते सप्टेंबरअखेर, म्हणजे जवळपास पेरणी ते वेचणी. २०२४ मध्ये शिकागो व्हाइट सॉक्स त्यातले १२१ हरले. आधुनिक काळातला हा उच्चांक. मधे सलग २१ पराभव होते. प्रेक्षकांनी खेळाडूंच्या घरावर दगड मारले नाहीत. ते स्टँडमधून एका सुरात मालकाला संघ विकून टाकायला सांगत होते. या आधीचा उच्चांक न्यूयॉर्क मेट्सच्या नावावर होता: १९६२ साली १२० पराभव. पण तेव्हा वैताग नव्हता, उलट न्यूयॉर्कनं त्या संघाला डोक्यावर घेतलं. फरक फक्त एका पराभवाचा, भावना उत्तर-दक्षिण. मेट्सचा तो जन्माचा हंगाम होता. काही वर्षांपूर्वीच शहरातले दोन जुने संघ कॅलिफोर्नियाला निघून गेले होते, त्यामुळे आपल्याला पुन्हा संघ मिळाला याचंच अप्रूप होतं. कुणाकडून काही येणं बाकी नव्हतं, म्हणून हिशेबही नव्हता. सात वर्षांनी, १९६९ ला, ते अजिंक्य झाले. व्हाइट सॉक्सनं २००५ मध्ये विजेतेपद दाखवलेलं होतं, म्हणजे जमतं हे ठाऊक होतं. जमत असून केलं नाही, हा आरोप जमत नसल्याच्या आरोपापेक्षा कितीतरी जड असतो.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. आयपीएलचा चाहता म्हणजे शेवटी गिऱ्हाईक. दुकान आवडलं नाही तर दुसऱ्या दुकानात जावं. दारव्ह्याच्या माणसाला ना मुंबईचं काही देणं ना चेन्नईचं. हरणाऱ्या संघाला चिकटून राहून रात्री खराब करण्याची सक्ती कुणी केली आहे? सक्ती नाही, हे खरं. तरीही माणसं चिकटून राहतात, आणि गिऱ्हाईकीचा सिद्धांत तिथंच कोलमडतो. बंगळुरूच्या संघाला पहिलं विजेतेपद मिळायला अठरा हंगाम लागले. त्या अठरा वर्षांत चाहत्यांनी दुकान बदललं नाही. दर वर्षी कप आपलाच म्हणायचं आणि दर वर्षी टिंगल सोसायची. ३ जून २०२५ ला तो संघ जिंकला. त्यात अमरावतीचा, विदर्भाच्या संघात घडलेला जितेश शर्मा होता, त्यामुळे वऱ्हाडाला त्या विजयात आपला एक वाटा सापडला. आणि दुसऱ्याच दिवशी चिन्नास्वामी मैदानाबाहेर चेंगराचेंगरीत ११ माणसं मेली. हे मी इथं मुद्दाम लिहितो, कारण हरण्याचा वैताग धोकादायक आणि जिंकण्याचा आनंद निरुपद्रवी असा एक गोड समज सगळीकडे असतो. पराभवानं गर्दीला घरी बसवलं होतं, विजयानं तिला रस्त्यावर आणलं. आणि मग ज्या हिशेबाबद्दल मी बोलतोय तो धावफलकाबाहेरचा झाला: दारं कुणी उघडायची होती, किती माणसं येतील याचा अंदाज कुणी करायचा होता. हे प्रश्न विचारायला लोकांना वेळ लागला नाही.

दारव्ह्यात एक जागा अशी आहे की तिथं गावाचा स्वतःचा हरलेला खेळ अंथरलेला दिसतो. मोतीबाग स्टेशन. यवतमाळ ते मूर्तिजापूर ही ११३ किलोमीटरची अरुंद रुळांची वाट, लोकांच्या तोंडी शकुंतला. वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी इंग्रजी अमदानीत ती घातली गेली, १९९४ पर्यंत मँचेस्टरला बनलेल्या वाफेच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, आणि आता चालत नाही. रुळांमध्ये गवत, बाजूला बाभळी. गंमत म्हणजे स्वातंत्र्यानंतरही या रुळांची मालकी एका खासगी कंपनीकडेच राहिली आणि रेल्वे ते भाड्यानं वापरत आली. त्यामुळे गाडी रखडली तर दारव्हेकरानं बोलायचं कुणाला? स्टेशनमास्तर म्हणणार मुंबई, मुंबई म्हणणार दिल्ली, दिल्ली म्हणणार करार. बिनपत्त्याच्या वैतागाचं इतकं चांगलं उदाहरण मला शोधूनही मिळालं नसतं. तरी शकुंतला वाचवा म्हणणारी माणसं या पट्ट्यात टिकून आहेत, निवेदनं देत राहिली आहेत. आता वर्धा-यवतमाळ-नांदेड हा नवा ब्रॉडगेज मार्ग दारव्ह्यावरून जाणार आहे आणि त्याचा वर्धा ते कळंब हा पहिला टप्पा फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरूही झाला. बाकीचा केव्हा पुरा होतो ते विचारायला निदान एक कार्यालय आहे.

विदर्भाच्या संघाला आता कुणी कमकुवत म्हणत नाही. मार्च २०२५ च्या आरंभी जामठ्याला केरळविरुद्ध पहिल्या डावाच्या आघाडीवर त्यांनी तिसऱ्यांदा रणजी जिंकली. हर्ष दुबेनं त्या हंगामात ६९ बळी घेतले. रणजीच्या एका हंगामात इतके बळी आधी कुणीच घेतले नव्हते. असा संघ पुढंमागं हरणार, कुठलाही संघ हरतो, आणि तेव्हा तो हरल्याचा राग नागपूरबाहेरही कुणाला तरी यायला हवा. वर्ध्याला यायला हवा, पुसदला यायला हवा, दारव्ह्याला तर नक्कीच. तो येण्यासाठी संघ एकदा तरी डोळ्यांपुढं खेळलेला असावा लागतो. म्हणून विदर्भ क्रिकेटचा कारभार पाहणाऱ्यांना एक विनंती आहे. हिवाळ्यातला एखादा रणजी सामना यवतमाळला द्या. मैदान त्या तोलाचं नसेल तर आधी ते करा. कापूस वेचणीच्या दिवसांत मजुरांची ओढाताण असते, तेवढी तारीख सांभाळा. दारव्ह्याचे पोट्टे एसटीनं येतील, घरून भाकरी बांधून आणतील, चार दिवस उन्हात बसतील, आणि संघ हरला तर 'काहून हारले' हे तोंडावर विचारतील. तेव्हा उत्तर द्यायला कुणीतरी मैदानावर थांबा.